इक्थिऑर्निस

क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धातील (सु. 9.5 ते 8.3 कोटी वर्षांपूर्वीचा) दात असलेला, उडणारा समुद्रपक्षी. आकारमान साधारण कबुतराएवढे. उरोस्थीवर उड्डाणस्नायूंसाठी उंच कंगोरा होता, त्यामुळे हा सुरय पक्ष्याप्रमाणे चांगला उडणारा असावा. त्या काळी उत्तर अमेरिका उथळ समुद्राने उभी दुभागलेली होती. त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या नायोब्रारा खडूच्या थरांत (कँझस) बहुतेक जीवाश्म सापडले.

बेंजामिन मज या प्राध्यापकांना 1872 मध्ये पहिला सांगाडा मिळाला. तो जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांच्याकडे जायचा होता, पण ऐन वेळी पेटीवरचा पत्ता बदलून येल विद्यापीठाला, कोप यांचे प्रतिस्पर्धी ओथनील मार्श यांच्याकडे रवाना झाला, असे सांगतात. मणक्यांची दोन्ही टोके माशाच्या मणक्यांसारखी खोलगट, म्हणून मार्श यांनी पक्ष्याला हे ‘मत्स्यपक्षी’ अशा अर्थाचे नाव दिले; त्याच दगडातला दातांचा जबडा मात्र लहान सरीसृपाचा ठरवून ‘कोलोनोसॉरस’ असे निराळेच बारसे केले. जबडा पक्ष्याचाच, हे त्यांनी 1873 मध्ये मान्य केले. दातवाल्या पक्ष्यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ 1880 मध्ये निघाला. डार्विन यांनी पत्र लिहून वाखाणणी केली; उलट 1892 मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अनुदानावर टीका करताना सरकारी उधळपट्टीचा नमुना म्हणून याच ग्रंथाकडे बोट दाखवले गेले. जबडा मोसासॉर या सागरी सरीसृपाच्या पिलाचा असल्याची शंका 1952 मध्ये पुन्हा निघाली. नंतरच्या जीवाश्मांनी ती निकालात काढली.

येलच्या पीबॉडी संग्रहालयातील मांडलेले सांगाडे देखणे, पण अनेक पक्ष्यांच्या हाडांची सरमिसळ करून उभे केलेले होते. जीवाश्मशास्त्रज्ञ ज्युलिया क्लार्क यांनी 2004 मध्ये ती हाडे निवडून वेगळी केली आणि मार्श यांच्या जातींपैकी एकच, इ. डिस्पार, ग्राह्य धरली.

कवटीचे खरे रूप 2018 मध्ये सीटी स्कॅनमुळे कळले. वरच्या जबड्याच्या टोकाला दात नव्हते, तेथे छोटी शृंगी चोच होती; दात तिच्या मागे. वरचा जबडा आजच्या पक्ष्यांप्रमाणे हलत असे, मात्र जबड्याच्या स्नायूंची जागा डायनोसॉरांसारखी प्रशस्त होती.

आहार : बहुधा मासे.

वर्गीकरण : आजच्या पक्ष्यांच्या निकटची शाखा, थेट पूर्वज मानत नाहीत. याच्या जवळचा, पण बराच मोठा जानाव्हिस हा पक्षी बेल्जियममधील क्रिटेशसअखेरच्या खडकांतून 2022 मध्ये वर्णिला गेला.