पाय घसरण्याआधीचे १४ तास

हा घटनाक्रम कोणा एका माणसाचा नाही. म्हातारपणी पडणाऱ्या अनेकांच्या बाबतीत जे घडतं, ते जुळवून ही एक रात्र मांडली आहे. स्थळ अकोला, महिना मे, आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

दुपारी १:४० (१४ तास आधी)
आमरस-पोळीचं भरपेट जेवण झालं. अशा जेवणानंतर तास-दोन तास बरंच रक्त पोटाकडे ओढलं जातं. तरुण शरीर इतर रक्तवाहिन्या आवळून तोल सांभाळतं. उतारवयात ही भरपाई अपुरी पडते. पाटावरून उठताना आजोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला हात टेकलेला पाहून सुनेनं विचारलं, "काय झालं, बाबा?"
"काही नाही गं, ऊन बाधलं."
पहिली खूण उन्हाच्या नावावर गेली.

संध्याकाळी ६:०० (९ तास ४० मिनिटे आधी)
वयाबरोबर तहान बोथट होते आणि शरीरातलं पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची ताकदही घटते. दिवसभर घाम गेलेला. त्यात रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून आजोबांनी दिवेलागणीनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. अंगातलं रक्ताचं एकूण प्रमाण त्यामुळे आणखी कमी झालं.

रात्री ९:३० (६ तास १० मिनिटे आधी)
तीन गोळ्या. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. प्रोस्टेटची गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीही सैल सोडते. तिसरी झोपेची. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, तिन्ही आपापल्या जागी योग्य. बीपी प्रत्येकानं मोजलं होतं, खुर्चीत बसवून. उभं करून कोणीच मोजलं नव्हतं.

रात्री १२:४० (३ तास आधी)
घरचे गच्चीवर झोपलेले, आजोबा खाली कूलरसमोर. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे काढू लागतात. आजोबांना जाग आली. चष्मा सापडेना, म्हणून ते मिनिटभर खाटेच्या कडेला पाय सोडून बसले. मग उठले, जाऊन आले. त्या मिनिटानं त्यांना वाचवलं, हे त्यांना कळलंही नाही.

पहाटे ३:३९ (१ मिनिट आधी)
पुन्हा जाग. या वेळी घाई होती. चष्मा न घेताच ते ताडकन उठले आणि न्हाणीघराकडे निघाले.
उभं राहताच अर्धा ते पाऊण लीटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. मेंदू आता हृदयाच्या वीतभर वर आहे. रक्त तिथवर चढवावं लागतं. मानेच्या धमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. तरुणपणी ते क्षणात इशारा देतात: हृदय वेग वाढवतं, पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आजोबांची धमनी वयानं ताठर झालेली, म्हणून इशाराच क्षीण. हृदयाचा प्रतिसाद मंद. रक्तवाहिन्या आवळाव्यात, तर गोळीनं त्या सैल धरलेल्या. आणि मुळात रक्तच कमी.

पहाटे ३:४०
शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्के वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. रक्तपुरवठा तुटला तर सहा ते दहा सेकंदांत शुद्ध हरपते. उंबरठ्यावर डोळ्यांपुढे काळोख आला, गुडघे वाकले आणि आजोबा फरशीवर कोसळले.
आडवं पडताच रक्ताला चढ उरला नाही. ते मेंदूत पोचलं आणि काही सेकंदांत शुद्ध आली. तोवर खुबा मोडला होता.

सकाळी ६:०० (२ तास २० मिनिटांनंतर)
कूलरच्या आवाजात हाक वर पोचली नव्हती. मुलगा खाली आला. "बाबा, कसे पडलात?"
"पाय घसरला रे."
ते खोटं बोलत नव्हते. अशी शुद्ध हरपलेल्या कितीतरी वृद्धांना ती हरपल्याचं आठवतच नाही. दवाखान्यात तेच लिहिलं गेलं. खुब्याचं ऑपरेशन होईल, न्हाणीघरात खरखरीत फरशी बसेल, आणि आजोबा त्याच तीन गोळ्या घेऊन, त्याच रिकाम्या घागरीसारख्या अंगानं, पुन्हा पहाटे उठतील.

म्हणून घरातलं म्हातारं माणूस पडलं, किंवा उठताना नुसती अंधारी आली, तरी डॉक्टरांना एवढं सांगाच: पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर कारण शरीरात आहे. सगळ्या गोळ्या एकाच डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. मनानं एकही बंद करू नका. पाणी किती आणि कधी प्यायचं, तेही त्यांनाच विचारा. आणि आजच रात्रीपासून खाटेवर बसून पावलं हलवायची, मिनिटभर थांबायचं, मग आधार धरून उठायचं. गच्चीवर झोपायला जाताना हाकेच्या अंतरावर कोणीतरी खाली थांबा. या पडण्याला म्हातारपणाचा भोग म्हणून सोडून देऊ नका. ते अनेकदा टाळता येतं.