पान, पेला आणि पाहुणा : तंजावरच्या मराठी राजांची पंगत

समुद्रकाठच्या एखाद्या उपाहारगृहात चार स्नेही जमवावेत, भोजनाला एखादा विषय नेमून द्यावा, आणि एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक पदार्थाबरोबर त्याला साजेलशा निराळ्या द्राक्षासवाचा पेला पुढे यावा, ही रीत आता आपल्या मंडळींच्या अंगवळणी पडू लागली आहे. नारायणगाव आणि नाशिक येथील द्राक्षमळ्यांनी तिला स्वदेशी आधारही दिला. या रीतीचा उगम फ्रान्समध्ये शोधण्याचा आपला प्रघात आहे. द्राक्षासवापुरते ते खरेही आहे. परंतु ‘कोणत्या अन्नामागे कोणते पेय’ हा विचार आपल्याकडे परका मुळीच नाही. त्याला आपल्या भाषेत शब्दही आहे : अनुपान. आज हा शब्द वैद्याच्या पुडीबरोबर घ्यावयाच्या मधापुरता उरला आहे. पूर्वी तो साऱ्या भोजनाला लागू होता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा जो अध्याय आहे, त्यात अनुपानाचा नियम स्पष्ट सांगितला आहे. पेय हे अन्नाच्या गुणांच्या उलट असावे, मात्र शरीरातील धातूंना बाधक नसावे. कृश माणसाला पुष्टीसाठी सुरा, तर स्थूल माणसाला मध घातलेले पाणी, असा भेदही तेथे केला आहे. तुपकट किंवा तळलेल्या पदार्थाबरोबर आंबटसर आसव निवडणारा आजचा जाणता यजमान नकळत याच नियमाने चालतो. आपल्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त तर अन्नाचा आणि पाण्याचा उपभोग हे राजाच्या उपभोगांपैकी दोन स्वतंत्र विषय धरले आहेत.

हा मजकूर मी कुंभकोणम्‌च्या उत्तरेस असलेल्या चोळपुरम् गावी बसून लिहीत आहे. गावाच्या नावात चोळ राजे आहेत. परंतु या कावेरीकाठावर १६७५-७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५पर्यंत भोसल्यांचे नाव चालले. येथून पूर्वेस मायावरम्‌वरून सरळ गेले की तरंगमबाडीचा समुद्र लागतो. ज्या मराठी माणसांनी या मुलुखात घर केले, त्यांनी जेवणाविषयी काय जपले आणि काय स्वीकारले, याचा लेखी पुरावा सुदैवाने पुष्कळ उरला आहे.

पहिला पुरावा ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथाचा. त्याचा कर्ता रघुनाथ गणेश नवहस्ते हा महाराष्ट्रीय पंडित. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा त्याला आश्रय होता. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथकाराचा काळ आणि चरित्र यांचा कसोशीने शोध घेतला. धान्ये, डाळी, मांस, भाज्या, फळे, दूध, तेल, मीठ आणि पाणी अशा एकेका वस्तूचे गुणदोष रघुनाथपंडिताने वैद्यकाच्या आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने सांगितले. पदार्थांची देशी नावे द्यायलाही तो विसरला नाही. त्यातील जिलबीची कृती वाचताना आजच्या हलवायाला काही अडेल असे वाटत नाही. घरापासून इतक्या दूर आलेल्या माणसाला प्रथम काय लिहून ठेवावेसे वाटले, तर काय खावे आणि कशाबरोबर खावे! दूरदेशी राहणाऱ्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

येथे सांबाराच्या कथेचा उल्लेख करणे भाग आहे, कारण अशा स्मरणिकेत ती कोणीतरी सांगतोच. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला घालावयाचे कोकम संपले, म्हणून चिंच घातली; तो पदार्थ पाहुण्या संभाजीराजांना आवडला, म्हणून तो ‘सांबार’ झाला, अशी ही कथा. ती गोड आहे, पण दंतकथा आहे. चिंचेची आमटी शिकण्यासाठी मराठी माणसाला तंजावरला जाण्याची गरज नव्हती. शिवाय ते शहाजीराजे गादीवर आले १६८४ साली, आणि तेव्हापासून १६८९च्या अखेरच्या प्रसंगापर्यंत संभाजीमहाराजांना मोगलांशी झुंजण्यातून उसंत कोठे मिळाली, की त्यांनी तंजावरला पाहुणचार घ्यावा?

दुसरा पुरावा सरफोजीराजांचा (१७७७-१८३२). त्यांच्या बालपणी त्यांचा सांभाळ करणारे जर्मन पाद्री श्वार्त्स हे १७५० साली तरंगमबाडीलाच उतरले होते. ते ठाणे डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली रघुनाथ नायकाकडून मिळवले. १८४५ साली इंग्रजांना विकेपर्यंत तेथे डेन्मार्कचे निशाण होते. अशा समुद्रकाठच्या ठाण्यांतूनच युरोपी जेवणाची रीत या प्रांतात शिरली. कंपनीच्या काळात तिच्याबरोबर येणारे ठळक पेय म्हणजे मदीरा बेटाचे आसव. गलबतावरच्या उष्णतेत आणि हेलकाव्यात ते बिघडत नसे, म्हणून त्याला हिंदुस्थानात एवढा मान. (या नावाशी आपल्या ‘मदिरे’चा काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाचा अर्थ लाकूड. बेटावर रान होते म्हणून ते नाव पडले. योगायोग मात्र मार्मिक आहे.)

सरफोजीराजांनी या परक्या रीतीचे काय केले, हे ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी हस्तलिखितावरून कळते. त्यात ब्राह्मणी स्वयंपाक आहे, मराठ्यांचा सामिष स्वयंपाक आहे, आणि इंग्रजी पाकही आहे. तिन्ही पाक निराळे ठेवले, आणि तिन्ही मराठीत लिहून घेतले. पाहुण्याला त्याचे जेवण द्यावे, स्वतःचे पान सोडू नये, आणि दोन्ही आपल्या भाषेत नोंदवावे, ही त्या राजाची रीत. बिशप हेबर मार्च १८२६मध्ये तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांची वचने सहज सांगणारा हा राजा पाहून ते थक्क झाले. पाककलेची बाजू मात्र या वर्णनांत मागेच राहते.

या पंगतीमागे एक दुःखही आहे. २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला व आसपासचा भाग, वार्षिक १ लाख स्टार पागोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. सैन्य नाही, न्याय नाही, कर नाही. राजेपणाच्या ज्या मोजक्या खुणा शिल्लक राहिल्या, त्यांत अन्नदान ही एक होती. म्हणूनच रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे आपल्याच हाती राहावीत यासाठी सरफोजीराजांनी आग्रह धरला. १८०१ साली रेसिडेंटला पाठवलेल्या पत्रात ते छत्रांची रीत सांगतात : ब्राह्मणापासून परयापर्यंत प्रत्येक वाटसरूला शिजवलेला भात; शिजवलेला चालत नसेल त्याला कोरडा शिधा; लहान मुलांना दूध; आजाऱ्याला औषध. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाळी. स्वतःच्या राज्यात निवृत्त केलेल्या राजाने परकीय अधिकाऱ्याला लिहिलेले हे पत्र वाचताना मन हेलावते. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांनीच १८०२ साली बांधले.

समुद्राकाठी राजाने बांधलेली खास वास्तू म्हणजे मनोरा. पट्टुकोट्टैच्या पुढे, सरभेंद्रराजपट्टणम् येथे, पाल्कच्या सामुद्रधुनीकडे तोंड करून हा षट्कोनी, आठ मजल्यांचा बुरूज उभा आहे. राजघराण्याच्या मुक्कामासाठी त्याचा उपयोग होई. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून तो उभारला, आणि वाटाडे तो ‘वॉटर्लूचा विजयस्तंभ’ म्हणून दाखवतात. त्यावरील इंग्रजी लेखात मात्र साल १८१४चे आहे. वॉटर्लूची लढाई १८१५च्या जूनमधली. म्हणजे हे स्मारक नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचे आहे. दुसऱ्याच्या विजयाचा मनोरा आपल्या किनाऱ्यावर बांधावा लागला, यात मैत्री किती आणि निरुपाय किती, हे वाचकांनीच ठरवावे. मला निरुपायाचे पारडे जड दिसते. २००४च्या त्सुनामीत या वास्तूची बरीच हानी झाली.

१८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, आणि कंपनीने राजपदच नव्हे, तर वाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांचा दावा विलायतेपर्यंत गेला. प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली तो फेटाळला. हे राज्याचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा तो निकाल. पंगत उठली, कागद मात्र राहिले. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली लोकांसाठी खुले झाले आणि पुढे तेथूनच पाकशास्त्र छापले गेले.

स्वयंपाकघराने तर कागदाचीही वाट पाहिली नाही. या भागातील मराठी घरांत डांगर पचडी आजही होते. ते डांगर उडदाच्या पिठाचेच, आपल्याकडे होते तसे. मुगाची डाळ, बटाटा, खोबरे आणि खसखस यांचा ‘कडप्पा’ कुंभकोणम्‌च्या उपाहारगृहांत इडलीबरोबर मिळतो, आणि तो मराठ्यांकडून आला असे येथील लोक सांगतात. तंजावरला येणाऱ्या आपल्या मंडळींनी बृहदीश्वर पाहून परत फिरू नये. ओरत्तनाडचे छत्र बघून पट्टुकोट्टैमार्गे दुपार कलल्यावर मनोऱ्यापाशी पोहोचावे. ऊन उतरलेले असते आणि वारा चांगला असतो. शिदोरी बरोबर असावी, आणि अनुपानाला ज्याला जे रुचेल ते.