लोकपाल हवा, तर त्याचा निधीही हवा
अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००४ मध्ये कॉन्डोमिनियम, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या संकुलांसाठी, सरकारी लोकपालाचे पद कायद्याने निर्माण झाले. त्याचा खर्च राज्याच्या राखीव निधीतून होतो. त्यात संकुलांच्या संस्था दर फ्लॅटमागे वर्षाला ४ डॉलर भरतात. १५ टक्के मतदार किंवा सहा फ्लॅटमालक, यांपैकी जी संख्या मोठी तेवढ्यांनी अर्ज केल्यास लोकपाल निवडणुकीवर निरीक्षक नेमू शकतो.

स्वतंत्र घरांच्या वसाहतींतील संघटनांना मात्र ही फी नाही आणि हा लोकपालही नाही. वाद झाला की संघटनेचे मंडळ सर्वांच्या वर्गणीतून वकील लावते; एकटा सभासद स्वतःच्या खिशातून लढतो. म्हणून आम्ही म्हणतो : निधीची तरतूद नसेल, तर तक्रारीचा हक्क कागदावरच राहतो.