मी असतो तर...

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पैकी स्वार्थ कुणाला शिकवावा लागत नाही. आज्ञार्थ लग्नानंतर आपोआप कळतो. विध्यर्थ वडीलधाऱ्यांच्या मालकीचा. अमुक करावे, तमुक करू नये. उरला संकेतार्थ. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हे त्याचं पुस्तकातलं उदाहरण. पण आपण मध्यमवर्गीय माणसांनी संकेतार्थ पिकापाण्यावर फुकट घालवला नाही. तो स्वतःसाठी राखून ठेवला. "मी असतो तर हा झेल सोडला नसता!" हे वाक्य स्लिपमधल्या खेळाडूला उद्देशून, आरामखुर्चीतून, चहाचा कप न सांडता म्हणता येतं. पानिपतावर 'मी असतो तर' म्हणणाऱ्यांची मोजदाद केली, तर ती भाऊसाहेबांच्या फौजेपेक्षा मोठी भरेल.

ही खोड फक्त मराठी माणसाला आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेत एका गृहस्थांनी असंच एक 'मी असतो तर' उच्चारलं आणि त्यातून जगातली एक महाबिकट डोंगरी शर्यत जन्माला आली. त्या वाक्याचा हा इतिहास.

टेनेसी राज्याच्या पूर्व भागात ब्रशी माउंटन नावाचा तुरुंग होता. १८९६ साली उघडलेला. कैद्यांना आसपासच्या खाणींतून कोळसा काढायला लावत. तिन्ही बाजूंनी डोंगर, डोंगरांवर दाट रान आणि रानात करवतीसारख्या काट्यांच्या वेली. म्हणजे सरकारनं भिंत बांधली होती खरी, पण ती आपली रीतसर असावी म्हणून. खरा पहारा डोंगरांचाच.

या तुरुंगात जेम्स अर्ल रे हा कैदी होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्या गुन्ह्यासाठी त्याला ९९ वर्षांची सजा झाली होती. १० जून १९७७ रोजी तो आणि आणखी सहा कैदी पाइपांची शिडी करून भिंतीपलीकडे उतरले. सारा देश हादरला. शोधपथकं निघाली, कुत्री सुटली. सुमारे साडेचोपन्न तासांनी रे सापडला. कुठे? मेक्सिकोत नाही, कॅनडात नाही. तुरुंगापासून जेमतेम आठ मैलांवर, पाचोळ्याखाली दडून बसलेला. पळून गेल्याबद्दल सजेत एक वर्ष वाढवून कोर्टानं ती बरोबर शंभर केली. हिशेब पुरा करण्याची हौस कोर्टांनाही असते.

ही बातमी गॅरी कॅन्ट्रेल नावाच्या माणसाच्या कानी पडली. पेशानं हिशेबनीस, छंदानं लांब पल्ल्याचा धावपटू. साडेचोपन्न तासांत फक्त आठ मैल? गृहस्थ म्हणाले, "एवढ्या वेळात मी शंभर मैल तरी काटले असते."

झालं! संकेतार्थ!

आता न्यायानं बोलायचं तर रे हा खुनी होता, त्याची कड घेण्याचं कारण नाही. तरी त्याच्यापाशी धावण्याचे बूट नव्हते, नकाशा नव्हता, शिदोरी नव्हती. दिवसा दडायचं, रात्री चाचपडत चढायचं आणि मागे कुत्री. आरामखुर्चीतल्या माणसाला कुत्री दिसत नाहीत, ही सगळ्याच 'मी असतो तर'ची मेख आहे. आपण स्लिपमधला झेल पाहतो, आदल्या पाच तासांचं ऊन पाहत नाही.

तुमच्याआमच्या घरी हे वाक्य चहाबरोबर संपलं असतं. कॅन्ट्रेल यांचं वेगळेपण असं, की त्यांनी ते डोंगराकडे नेलं. तुरुंगाला लागूनच फ्रोझन हेड नावाचं सरकारी वनोद्यान आहे. तिथे १९८६ साली त्यांनी कार्ल हेन या मित्राच्या साथीनं शर्यत भरवली आणि आपल्या एका शेजाऱ्याचं नाव तिला दिलं : बार्कली मॅरेथॉन. पहिल्या वर्षी किती जणांनी पुरी केली? शून्य. १९८७ साली? शून्य. १९८८ साली एड फर्टॉ नावाच्या पठ्ठ्यानं ती पुरी केली, तेव्हा ती पन्नासपंचावन्न मैलांची होती. कुणीतरी पास झालं म्हटल्यावर परीक्षकांनी काय करावं? पुढच्याच वर्षी शर्यत शंभर मैलांची केली! आमच्या वेळच्या गणिताच्या पेपरांमागे हीच विचारसरणी असावी असा मला दाट संशय आहे.

नियमही तसेच. वीस मैलांची एक अशा पाच फेऱ्या, साठ तासांत. धावणारे म्हणतात, फेरी वीसपेक्षा बरीच मोठी भरते. पण हिशेबनिसाशी आकड्यावरून कोण वाद घालणार? चढ सगळे एकावर एक रचले तर एव्हरेस्टची उंची दोनदा भरून वर थोडे उरतात. काही फेऱ्या सुलट, काही उलट. प्रदक्षिणाच, फक्त पुण्य नाही. वाटेला खुणा नाहीत. तळावर एकच नकाशा टांगलेला. त्यावरून आपापल्या नकाशावर वाट उतरवून घ्यायची. एका चढाचं नाव 'उंदराचा जबडा', दुसऱ्याचं 'मोठा नरक'. आणि पहिल्या तीन फेऱ्यांवर, म्हणजे साठ मैलांवर जो थांबेल त्यानं केली ती म्हणे 'गमतीची धाव'.

प्रवेश फी एक डॉलर साठ सेंट. शिवाय 'मला का धावू द्यावं' या विषयावर निबंध. दर वर्षी चाळीसेक जणांना घेतात आणि निवड झालेल्याला अभिनंदनाचं नव्हे, सांत्वनाचं पत्र जातं. नवख्यानं आपल्या गावच्या मोटारीची नंबरप्लेट भेट आणायची. सुरुवात कधी, तेही गुपित. मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत केव्हाही शंख फुंकला जातो. होय, आपला तोच शंख! शंख झाला की तासाभरानं एका पिवळ्या फाटकापाशी कॅन्ट्रेल सिगारेट पेटवायचे. तीच शर्यत सुटल्याची खूण. आपल्याकडे हरलेला माणूस शेवटी शंख करतो, तिथे तो आरंभीच उरकून घेतात. जो माघार घेऊन तळावर परतेल त्याच्यासाठी बिगुल वाजतो. सूर कोणता, तर अमेरिकन लष्करात सैनिकाच्या अंत्यविधीला वाजवतात तो.

वाटेत पंच नाहीत. त्यांच्याऐवजी रानात दहापंधरा पुस्तकं लपवून ठेवलेली असतात. आपल्या छातीवर जो क्रमांक, त्या क्रमांकाचं पान प्रत्येक पुस्तकातून फाडून आणायचं. पानं भरली तर फेरी मान्य. वाचनालयातल्या रहस्यकथेचं नेमकं शेवटचं पान फाडणारे महाभाग आपल्याकडे आहेत. पण ती विद्या त्यांना मानाचं स्थान कुठे मिळवून देऊ शकते, याची बिचाऱ्यांना कल्पना नाही.

शंभर मैल सर्वांत आधी पुरे केले मार्क विल्यम्स या इंग्रजानं, १९९५ साली, साठ तासांना अर्धा तास उरला असताना. त्यानंतर २००१ पर्यंत पुन्हा कुणीही नाही. २०१७ साली गॅरी रॉबिन्स हा कॅनडाचा धावपटू फाटकाला शिवला तेव्हा साठ तासांवर सहा सेकंद झाले होते. सहा सेकंद! आपल्याकडे एवढ्याला ग्रेस मार्क मिळतात. त्यातून धुक्यात वाट चुकून तो शेवटचे दोनेक मैल गाळून उलट्या बाजूनं आला होता. म्हणजे सहा सेकंद आधी आला असता, तरीही नापासच. २०२४ पर्यंत शंभर मैल पुरे करणारी माणसं मोजून वीस. त्या विसांत कॅन्ट्रेल यांचं नाव नाही. 'मी असतो तर'वाले गृहस्थ स्वतः प्रत्यक्ष होते, डोंगर होता, तासही साडेपाच जास्त होते. आणि तरीही नाही.

मला वाटतं, या शर्यतीची खरी थोरवी इथे आहे. बढाई मारणारे खूप, पण ती खोटी ठरावी अशी सोय स्वतःच्या हातानं करून ठेवणारे किती? आणि दरसाल लांबून रजा काढून, भाडं भरून नापास व्हायला येणारी ही माणसं वेडी म्हणावीत, तर आपण काय करतो? जिथे नापास होऊ, त्या वर्गाचा फॉर्मच भरत नाही. मग जन्मभर सांगत बसतो, फॉर्म भरला असता तर पहिलाच आलो असतो.

तुरुंग २००९ साली बंद झाला. आता तिथे तिकीट काढून पर्यटक जातात, दारूची भट्टीही आहे. शर्यतीची वाट पुढे त्या तुरुंगाखालच्या बोगद्यातून नेली. जिथून लोक जिवावर उदार होऊन बाहेर पळाले, तिथे लोक धावत आत शिरू लागले.

कॅन्ट्रेल यांची आणखी एक बढाई होती, ती दुसऱ्यांच्या वतीनं. ही शर्यत बायकांच्या आवाक्यातली नाही, असं ते उघडपणे म्हणत. कुणाला चिडवायला म्हणत की मनापासून, ते त्यांनाच ठाऊक. जास्मिन पॅरिस ही ब्रिटनची पशुवैद्य, दोन मुलांची आई, २०२२ साली आली, तीन फेऱ्या करून गेली. २०२३ साली आली, चौथी करून पाचवीला निघाली आणि हुकली. त्या दोन्ही वर्षी घरी बसून 'आणखी थोडा वेळ असता तर' म्हणायला तिला कुणाची हरकत नव्हती. ती २०२४ साली परत आली. २२ मार्चला ती त्या पिवळ्या फाटकाला शिवली आणि तिथेच कोसळली. घड्याळात ५९ तास ५८ मिनिटं २१ सेकंद झाले होते. शर्यत पुरी करणारी ती पहिली बाई.

एक मिनिट एकोणचाळीस सेकंद उरले होते. आरामखुर्चीतून उठून चहाचा कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला आम्हांला एवढाच वेळ लागतो. म्हणजे, उठलो असतो तर.