करवलीचे माप आणि अपेक्षित घट

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला जे शिकवले त्यातले बहुतेक मी परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून बाहेर पडलो. एक नियम मात्र डोक्यात कायमचा बसला. हिशेब लिहिताना अपेक्षित नफा जमेस धरू नये, पण संभाव्य तोट्याची तरतूद आजच करून ठेवावी. इतका सोपा आणि शहाणा नियम दुसरा नाही. बँकेत त्याच्यावर सगळे निभावते. पंचाईत होते ती वजनाच्या बाबतीत. वजन कमी होण्याला इंग्रज माणूस 'वेट लॉस' म्हणतो, म्हणजे शुद्ध तोटा. पण ज्याला तो होतो त्याला विचारावे, तर स्वारी पेढे वाटायच्या बेतात असते! (स्वतः न खाता, अर्थात.) मग पुढे होणार असलेल्या या घटीची तरतूद आजच करायची, की ती जमेसच धरायची नाही?

आता हा प्रश्न आमच्या ऑडिटरला पडत नाही. तो पडतो विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या करवल्यांना. तिकडे नवरीबरोबर तिच्या बहिणी-मैत्रिणी एकाच रंगाचे झगे घालून चालतात. त्यांना 'ब्राइड्समेड' म्हणतात. आपल्याकडची करवली मिरवते, रुसते आणि मानपानाचा हिशेब ठेवते. त्यांच्याकडची करवली हे सगळे करून वर सारखीही दिसते. सगळ्यांचे झगे बहुधा एकदमच मागवतात, कारण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या कापडाची छटा थोडी तरी बदलतेच. शिवाय झगे यायला काही महिने लागतात. म्हणजे लग्न सप्टेंबरात असेल, तर साईज मार्चमध्ये सांगावी लागते. आणि नेमका मार्चमध्येच एखाद्या करवलीने निश्चय केलेला असतो, की लग्नापर्यंत वीस किलो उतरवायचेच. हिने साईज कोणती सांगावी? मार्चमधल्या देहाची, की सप्टेंबरातल्या?

हा पेच काही सनातन नाही. व्हिक्टोरिया राणीचे लग्न 10 फेब्रुवारी 1840 रोजी झाले तेव्हा तिच्या झग्याचा घोळ सावरायला बारा मुली होत्या. त्यांच्या पोशाखाचे चित्र राणीने स्वतः काढून दिले होते. घोळ बारा जणींच्या मानाने आखूड निघाला आणि चालताना त्यांचे पाय एकमेकींच्या टाचांना लागत राहिले, अशी नोंद त्यांच्यातल्याच एकीने करून ठेवली आहे. पण 'माझा नंबर काय?' असा प्रश्न त्या बारा जणींपैकी एकीलाही पडला नसेल. कारण बाईला नंबर नव्हताच! शिवणारणीने अंगावर माप घ्यायचे आणि अंगाप्रमाणे शिवायचे. लठ्ठ असो की किडकिडीत, कापड बाईच्या मागून चालत होते.

बाईला कापडामागून चालायला लावले ते 1863 सालाने. इतिहासाच्या पुस्तकात या सालापुढे अमेरिकेतले यादवी युद्ध लिहिलेले असते. माझ्या मते त्या साली आणखी दोन घटना घडल्या आणि त्यांचे परिणाम युद्धापेक्षा जास्त टिकले.

पहिली अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने कपड्यांचे कागदी नमुने वेगवेगळ्या मापांत छापून विकायला काढले. घरोघरी शिवणयंत्र येऊ लागलेच होते. आता दुकानातून आपल्या मापाचा कागद आणायचा, कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. सोय मोठी झाली. पण आपण कितव्या कागदात बसतो हे बाईला पहिल्यांदाच स्वतःशी ठरवावे लागले.

दुसरी घटना लंडनमध्ये. विल्यम बँटिंग हा तिथला प्रतिष्ठित माणूस. व्यवसाय अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा. राजघराण्यातल्या अंत्ययात्रासुद्धा त्याच्या घराण्याकडे असत. उंची पाच फूट पाच इंच, वय साठीच्या पुढे आणि वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो. कमी ऐकू येते म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने कान तपासले आणि पाव, लोणी, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. आपल्याकडे पोट दुखत असताना ओवा कानाला लावणारे लोक आहेत. इथे कान दुखत असताना पोटावर बंदी आली! पण गुण आला. वर्षभरात बँटिंगचे वजन 156 पौंडांवर आले आणि घेर सव्वाबारा इंचांनी घटला. त्या आनंदात त्याने 1863 साली स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. ती इतकी गाजली, की वजन उतरवण्याला इंग्रजीत 'बँटिंग करणे' असे म्हणू लागले. जन्मभर लोकांना अखेरचा निरोप देणाऱ्या गृहस्थाने जगाला पथ्याचा पहिला फॅशनेबल मंत्र द्यावा, हे मला तरी विचार करण्यासारखे वाटते.

तर एकाच साली मापाचा कागद निघाला आणि माप बदलण्याचे पुस्तकही निघाले. करवलीचा पेच इथे जन्मला. तोवर अंगाला बसेल असे कापड करीत. आता कापडात बसेल असे अंग करायची सोय झाली.

पुढे तयार कपड्यांची दुकाने वाढली, टपालाने कपडे मागवायची पद्धत आली. माप चुकले म्हणून परत येणाऱ्या पार्सलांनी व्यापारी जेरीला आले. तेव्हा अमेरिकेच्या शेतकी खात्याने या प्रश्नात लक्ष घातले. (बाईची कंबर शेतकी खात्याकडे का, हे विचारू नये. सरकारी कामकाज सगळीकडे सारखेच.) रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली 1939 आणि 1940 साली सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली गेली. प्रत्येकीची वजन धरून 59 मापे! म्हणजे साडेआठ लाखांहून जास्त नोंदी. लेजर पोस्टिंगमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाच्या अंगावर हा आकडा काटा आणतो. आणि एवढे करूनही हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे.

या आकड्यांच्या आधारावर 1958 साली अमेरिकेत अधिकृत साईजा ठरल्या. आठपासून पुढे सम आकडे, उंचीसाठी वेगळे अक्षर आणि नितंबांसाठी अधिक-उणे अशी चिन्हे. म्हणजे साईज कसली, ते बँकेचे खाते नंबरच झाले. त्यात आठ नंबरची कंबर होती साडेतेवीस इंच. पण पंधरा हजार बायकांच्या मापांवरून काढलेला झगा सोळा हजारावीला जसाच्या तसा बसतो असे नाही. दुकानदार आपापल्या सोयीने फेरफार करू लागले आणि 1983 साली सरकारने ते मानकच मागे घेतले.

मग दुकानदारांना एक युक्ती सापडली. गिऱ्हाईक बाईला आपण बारीक झालो असे वाटले, तर ती झगा घेते. बाईला बारीक करणे अवघड. आकडा बारीक करणे सोपे. झगा तेवढाच ठेवून त्यावरचा आकडा उतरवत नेला. 1958 साली जी कंबर आठ नंबरची होती, ती आज अमेरिकेतल्या दुकानात शून्य नाहीतर दोन शून्यांच्या आसपास भरते. महागाईत रुपयाचे मोल घटते आणि आकडे फुगतात. इथे बाई तेवढीच राहते आणि आकडे आटतात. अर्थशास्त्रात याला काय म्हणावे ते मला सुचत नाही, पण बॅलन्सशीटमध्ये असे केले तर नोकरी जाते.

आता खरी मौज पाहा. लग्नाचे झगे शिवणाऱ्यांनी हा नवा रिवाज फारसा उचललाच नाही. त्यांचे आकडे पुष्कळसे जुन्या वळणाचेच राहिले. त्यामुळे रोजच्या कपड्यांत आठ नंबर घालणारी मुलगी करवलीच्या झग्यासाठी माप द्यायला जाते आणि दुकानातली बाई टेप गुंडाळून शांतपणे सांगते, ''बारा.'' पोरीचे एका ग्रॅमानेही वजन वाढलेले नसते. पण त्या क्षणी ती मनात ठरवते, की दहाच मागवायचा. सहा महिन्यांत होईन मी दहा! वीस किलोंचे निश्चय पुष्कळदा असल्या दोन आकड्यांतून जन्माला येतात.

आणि घट खरोखरच झाली तर? तेही एकदा साऱ्या जगासमोर घडले. 1981 च्या फेब्रुवारीत डायना आणि राजपुत्र चार्ल्स यांचा साखरपुडा जाहीर झाला आणि 29 जुलैला लग्न. झगा शिवत होते डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल. पहिल्यांदा माप घेतले तेव्हा आपली कंबर 29 इंच होती आणि लग्नादिवशी साडेतेवीस, असे डायनाने पुढे स्वतःच सांगितले. पाठीमागच्या पाच करवल्या पाच ते सतरा वर्षांच्या, म्हणजे वाढायच्या वयाच्या. आणि नवरी वीस वर्षांची, दर मापाला आटत चाललेली. शिवणाऱ्यांना चोळीचा भाग पुन्हा पुन्हा आत घ्यावा लागला. लोकांना ती अधिकच सुंदर दिसत होती. साडेपाच इंचांची ती घट पथ्याची नव्हती, खाऊन ओकून टाकण्याच्या आजाराची होती, हे जगाला अकरा वर्षांनी कळले. टेपने मात्र ते पाच महिन्यांतच सांगितले होते. टेप खोटे बोलत नाही. पण ती फक्त किती ते सांगते, का ते सांगत नाही. ते माणसाने विचारायचे असते.

आमच्या कोपऱ्यावरचे टेलरकाका ते विचारतात. आपल्या करवल्यांना साडीला साईज लागत नाही. सहा वार कापड बारीक-जाड सगळ्यांना जवळ घेते. साडीने सोडलेला नंबर ब्लाऊज वसूल करतो, म्हणून काकांकडे जावे लागते. सौ.च्या भाचीने त्यांना सांगितले, ''काका, दोन इंच कमीच शिवा. मी डाएट सुरू केलंय.''

काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, ''कधीपासून?''

''सोमवारपासून.''

''आज शनिवार आहे, बाळ.'' आणि त्यांनी वहीत खरे माप लिहिले. मग जरा थांबून म्हणाले, ''जेवतेस ना नीट? आत माया ठेवतो. बारीक झालीस तर आत घेऊ, जाड झालीस तर सोडू. फुकट करून देतो.''

शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. ज्याने हा शब्द योजला त्याला माझा दंडवत. अमेरिकेतल्या त्या साडेआठ लाख नोंदींत हे एक माप घ्यायचे राहून गेले. कारखान्याच्या झग्यात माया बेताचीच असते, म्हणून तिकडचे जाणते दुकानदारही हेच सांगतात, की छाती, कंबर, नितंब यांतले जे माप सर्वांत मोठे भरेल त्याची साईज मागवा. मोठे कपडे लहान करता येतात. लहान मोठे होत नाहीत.

तेव्हा आमच्या कॉमर्सचा निकाल असा. वजनाची अपेक्षित घट हा न वटलेला चेक समजावा. येईल तेव्हा आनंदाने जमा करावा, पण त्याच्यावर आज झगा काढू नये. करवलीने मार्चमध्ये मार्चचेच माप द्यावे आणि कात्री सप्टेंबरात चालवावी. वजन उतरले तर शिंप्याला चार पैसे मिळतील. नाही उतरले तरी मांडवात श्वास घेता येईल, आणि करवलीला रुसायला श्वास लागतोच. एकदा कापलेले कापड पुन्हा वाढत नाही. वजनाला ती अडचण कधीच आलेली नाही.