नदीकाठची राखीव वने (वायव्य अमेरिका)

वॉशिंग्टन, ओरेगन व उत्तर कॅलिफोर्नियातील संघीय वनांत नद्या-ओढ्यांच्या दोन्ही काठांना राखलेले वनपट्टे. १९९४ च्या ‘नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन’ने ते आखले. काठची झाडे पाण्यावर सावली धरतात व मुळांनी माती रोखतात; प्रवाहात कोसळलेल्या ओंडक्यांमुळे डोह तयार होतात आणि सामन माशांना आसरा मिळतो. पूर्वी हेच ओंडके अडथळा समजून उपसले जात! मूळ योजनेनुसार मासे असलेल्या प्रवाहाच्या प्रत्येक काठाला पट्ट्याची रुंदी ३०० फूट किंवा तेथील दोन पूर्ण वाढलेल्या झाडांच्या उंचीइतकी, यांपैकी जी जास्त ती. हंगामी ओढ्यांना ती बरीच कमी. डोंगराळ, पावसाळी प्रदेशात ओढ्यांचे जाळे दाट असते. त्यामुळे तोडीयोग्य क्षेत्र बरेच घटते, उरलेले तुकडे विखुरतात आणि लाकूड बाहेर काढण्याचा खर्च वाढतो. १९९० च्या दशकात संघीय वनांतील लाकूड उत्पादन कोसळले, पण त्याचा सगळा दोष या पट्ट्यांवर टाकणे चूक आहे. ठिपकेदार घुबडासाठी राखलेली जुनी वने आणि न्यायालयीन मनाई ही मोठी कारणे होती. पट्ट्यांत विरळणी करता येते, मात्र जलीय परिसंस्थेच्या संवर्धनाच्या उद्दिष्टांसाठीच. खाजगी वनांना राज्यांचे वेगळे, तुलनेने सैल नियम लागू होतात.