छायाचित्रांचा स्वामित्वाधिकार

छायाचित्राच्या प्रती काढणे, ते प्रसिद्ध करणे, विकणे अथवा कोणत्याही माध्यमातून लोकांपर्यंत पोहोचविणे यांबाबत कायद्याने मान्य केलेल्या अनन्य हक्कास छायाचित्राचा स्वामित्वाधिकार म्हणतात. व्यवहारात ‘कॉपीराइट’ ही संज्ञा रूढ आहे. ज्या काचेवर, फिल्मवर वा कागदावर चित्र उमटलेले असते त्या वस्तूची मालकी आणि त्या चित्रातील निर्मितीची मालकी या दोन भिन्न गोष्टी होत. दुकानातून विकत घेतलेली प्रत ग्राहकाची होते. परंतु तेवढ्यावरून तिच्या नव्या प्रती काढून विकण्याचा हक्क त्याला प्राप्त होत नाही. या दोन मालकी परस्परांपासून हळूहळू कशा विलग होत गेल्या, हाच छायाचित्रांच्या स्वामित्वाधिकाराचा इतिहास होय. आंतरजालाच्या प्रसारानंतर वस्तूची मालकी जवळजवळ निरर्थक झाली असून छायाचित्रकाराचा हक्क मुख्यतः त्याचे नाव, त्याने ठेवलेल्या नोंदी आणि त्याने केलेले करार यांवर अवलंबून राहिला आहे.

प्रारंभ : छायाचित्रणाच्या आरंभी वाद होता तो चित्राबद्दल नव्हे, तर प्रक्रियेबद्दल. लूई दागेअरची पद्धत १८३९ मध्ये फ्रेंच शासनाने विकत घेऊन जाहीर केली. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४१ मध्ये आपल्या प्रक्रियेचे एकस्व (पेटंट) घेतले. दागेअरच्या पद्धतीने धातूच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे. त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. टॅल्बटच्या पद्धतीत प्रथम व्यस्त चित्र म्हणजे निगेटिव्ह तयार होई व त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. एका चित्राच्या अनेक प्रती निघू लागल्या, तेव्हाच त्या कोणी काढाव्यात हा प्रश्न उद्भवला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवरील कलोडियन प्रक्रिया प्रसिद्ध केली आणि काचेची निगेटिव्ह हे छायाचित्रकाराचे भांडवल बनले.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था (फोटोग्राफिक सोसायटी) स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्या कार्यात भाग होता. हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होत. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांची एक मासिक मालिका प्रसिद्ध केली. छायाचित्र थेट छापण्याची सोय त्या काळी नसल्यामुळे अशा प्रकाशनांत प्रत्यक्ष प्रती चिकटवाव्या लागत. ज्याच्याजवळ निगेटिव्ह तोच नवी प्रत पुरवू शके. त्यामुळे कपाटातील काच हेच छायाचित्रकाराचे खरे संरक्षण होते. बोर्न व शेफर्ड या व्यवसायसंस्थेच्या, तसेच राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या अनेक चित्रांवर छायाचित्रकाराचे नाव व क्रमांक आढळतात. हे नाव व क्रमांक निगेटिव्हवरच घातले जात व प्रत्येक प्रतीत आपोआप उतरत. ग्राहकास चित्र मागविणे त्यामुळे सुलभ होई आणि चित्र कोणाचे हेही कळे. आंतरजालावरील चित्रांवर आज घातले जाणारे जलचिन्ह (वॉटरमार्क) याच प्रथेचे नवे रूप म्हणता येईल.

ही सुरक्षितता फार काळ टिकली नाही. एखाद्या प्रतीचे पुन्हा छायाचित्र घेऊन दुसरी निगेटिव्ह बनविणे शक्य होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाळीच्या ठशांचे (हाफटोन ब्लॉक) तंत्र प्रचारात आल्यावर नियतकालिकांतून छायाचित्रे हजारोंनी छापली जाऊ लागली. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा आणि पुढे ठसे बनविण्याचा व मुद्रणाचा व्यवसाय केला होता. छायाचित्रकाराचे कसब आणि मुद्रकाचे कसब किती जवळ आले होते, हे त्यावरून दिसते. चित्र छापणाऱ्यास आता निगेटिव्हची गरज उरली नव्हती. एक चांगली प्रत त्यास पुरेशी होती.

कायद्याचा विकास : इंग्लंडमधील १८६२ च्या ललितकला स्वामित्वाधिकार अधिनियमाने रंगचित्रे व रेखाचित्रे यांच्या बरोबरीने छायाचित्रांनाही संरक्षण दिले. हक्काची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर सात वर्षांपर्यंत होती. परंतु हा अधिनियम वसाहतींना लागू होत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने कॅनडातील एका दाव्यात १९०३ मध्ये दिला. अमेरिकेत छायाचित्र ही केवळ यंत्राची कृती की मनुष्याची निर्मिती, असा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. नेपोलियन सॅरोनी याने काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्राच्या ८५,००० प्रती एका शिलामुद्रण कंपनीने परवानगीवाचून छापल्या होत्या. बैठक, पोशाख, पार्श्वभूमी, छायाप्रकाश यांच्या योजनेत छायाचित्रकाराची स्वतःची कल्पना प्रकट होते, म्हणून तो कर्ता ठरतो, असा निकाल १८८४ मध्ये लागला.

भारतात छायाचित्रांना निश्चित स्वरूपाचे वैधानिक संरक्षण मिळाले ते १९११ च्या ब्रिटिश अधिनियमामुळे व त्याच्या आधारे केलेल्या १९१४ च्या भारतीय अधिनियमामुळे. त्यांनुसार मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे हक्क टिकत असे आणि ती तयार झाली त्या वेळी ज्याच्या मालकीची असेल त्यास कर्ता मानले जाई. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या व्यक्तीपेक्षा काचेचा मालक महत्त्वाचा होता. पेढीत नोकरी करणाऱ्या छायाचित्रकाराचे नाव त्यामुळे मागे पडणे स्वाभाविक होते.

नामोल्लेखाचा प्रश्न : स्वातंत्र्यलढ्याच्या काळात वृत्तछायाचित्रणाचे महत्त्व वाढले. मुंबईचे नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतील भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रे घेतली. अशी चित्रे घटनेचा पुरावा म्हणून राष्ट्राच्या स्मृतीत राहतात. ती घेणाऱ्याचे नाव मात्र सामान्य वाचकास क्वचितच ठाऊक असते. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईत शिक्षण घेऊन त्यांनी कामास प्रारंभ केला, तेव्हा त्यांची आरंभीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. पुढे त्यांना पद्मविभूषण (२०११) हा किताब लाभला. परंतु मधल्या दीर्घ काळात त्यांची छायाचित्रे सर्वत्र परिचित असूनही त्या स्वतः बहुतांशी अपरिचित राहिल्या. युरोपात व अमेरिकेत याच प्रश्नातून १९४७ मध्ये ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था निर्माण झाली. चित्र छापणाऱ्या नियतकालिकाकडे केवळ वापराची परवानगी जावी आणि स्वामित्व छायाचित्रकाराकडेच राहावे, हे तिचे मुख्य तत्त्व होते.

१९५७ चा अधिनियम : स्वतंत्र भारताचा स्वामित्वाधिकार अधिनियम १९५७ मध्ये संमत झाला व २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. कलात्मक गुण असोत वा नसोत, प्रत्येक छायाचित्र ही कलाकृती होय आणि ते घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ता होय, असे त्यात स्पष्ट केले आहे. हक्क प्राप्त होण्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. मात्र नोंदणी केलेली असल्यास ती न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा ठरते. छायाचित्रावरील हक्काची मुदत प्रथम प्रकाशनानंतर ५० वर्षे आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर ६० वर्षे होती. साहित्यिक वा चित्रकार यांचा हक्क मात्र मृत्यूनंतरच्या वर्षांवरून मोजला जाई. हा भेद २०१२ च्या दुरुस्तीने नाहीसा झाला आणि छायाचित्रकारासही हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळाले.

कर्ता आणि पहिला स्वामी या मात्र एकच व्यक्ती असतील असे नाही. कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि विरुद्ध करार केलेला नसला, तर पहिले स्वामित्व त्या ग्राहकाचे असते. वृत्तपत्रात नोकरीस असलेल्याने घेतलेल्या चित्राच्या प्रकाशनाचा हक्क, करार नसल्यास, वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो. इतर वापराचा हक्क छायाचित्रकाराकडे राहतो. ग्राहकाच्या स्वामित्वाचा हा नियम ब्रिटिश कायद्यातून आलेला आहे. ब्रिटनने १९८८ च्या अधिनियमात तो रद्द करून स्वामित्व छायाचित्रकारास दिले व खासगी प्रसंगांच्या चित्रांबाबत ग्राहकास गुप्ततेचा वेगळा हक्क ठेवला. भारतात जुना नियम कायम आहे. असे असले, तरी कलम ५७ अन्वये कर्त्याचे विशेष हक्क स्वामित्व हस्तांतरित झाल्यावरही टिकतात. कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिच्या प्रतिष्ठाभंजक विकृतीस प्रतिबंध करण्याचा हक्क त्यांत येतो.

आंतरजालाचा काळ : भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू झाली. अंकीय कॅमेरा आणि पुढे भ्रमणध्वनी यांमुळे निगेटिव्ह ही वस्तूच व्यवहारातून गेली. अंकीय चित्राच्या मूळ प्रतीत व नकलेत फरक राहत नाही आणि नक्कल करण्यास खर्चही येत नाही. छायाचित्रकाराने कपाटात सांभाळावे असे काही उरले नाही.

पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील शिरूर किंवा रेल्वे जंक्शन असलेले दौंड अशा गावांतील व्यवसायावर याचा परिणाम विशेष जाणवतो. ओळखपत्रावरील छायाचित्रे, विवाह, जत्रा व सार्वजनिक समारंभ हे येथील छायाचित्रकाराचे नेहमीचे काम. पूर्वी जादा प्रतींसाठी ग्राहकास त्याच्याकडेच यावे लागे आणि त्या प्रती हे उत्पन्नाचे एक साधन असे. आता समारंभाची सर्व चित्रे ग्राहकाच्या हाती एकदम जातात व तेथून त्यांचा प्रसार होतो. दुसरा वर्ग निसर्गचित्रांचा. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथील मोर, उसाच्या शेतांतील बिबटे, बैलगाडा शर्यती, तसेच जवळच्या उजनी जलाशयावर भिगवण परिसरात येणारे रोहित पक्षी यांची छायाचित्रे घेण्यासाठी अनेक तास, कधी अनेक दिवस, घालवावे लागतात. अशी चित्रे एका संदेशातून दुसऱ्या संदेशात जाताना लहान होतात, कडा कापल्या जातात, कोपऱ्यातील नाव पुसले जाते आणि शेवटी ती फलकावर वा जाहिरातीत निनावी अवतरतात. चित्र सर्वांना दिसते म्हणून ते सर्वांचे आहे, असा समज त्यामागे असतो. कायद्यास तो मान्य नाही.

संरक्षणाचे उपाय : अंकीय चित्राच्या धारिकेतच छायाचित्रकाराचे नाव, दिनांक, स्थळ व परवानगीच्या अटी नोंदविता येतात. वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९० च्या दशकाच्या आरंभी अशा नोंदींची पद्धत निश्चित केली. अनेक संदेशसेवा व संकेतस्थळे चित्र पुढे पाठविताना ही नोंद गाळतात, हा तिचा मोठा दोष आहे. हक्कविषयक अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ धारिका जपून ठेवणे, हा कर्तृत्वाचा उत्तम पुरावा होय. पूर्वीच्या निगेटिव्हचे हे कार्य तिच्याकडे आले आहे. चित्रावरून चित्राचा शोध घेणाऱ्या यंत्रणा २००८ नंतर उपलब्ध झाल्या असून आपले चित्र कोठे वापरले गेले हे त्यांद्वारे काही अंशी कळते.

परवानगीवाचून चित्र ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या चालकाकडे स्वामीस लेखी तक्रार करता येते. २०१३ च्या नियमांनुसार चालकाने ३६ तासांच्या आत ते चित्र लोकांस दिसणार नाही अशी व्यवस्था करावयाची असते. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर न झाल्यास ते त्यास पुन्हा उपलब्ध करता येते. हक्कभंगाबद्दल मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंड अशी तरतूद आहे. सामान्यतः प्रतिवादी राहतो तेथे दावा लावावा लागतो. स्वामित्वाधिकाराच्या बाबतीत मात्र वादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयातही तो दाखल करता येतो. शिरूरच्या छायाचित्रकारास दूरच्या शहरातील प्रकाशकाविरुद्ध पुणे जिल्ह्यातच दाद मागता येते, ही सवलत लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने मोलाची आहे. तथापि दाव्यापेक्षा करार सुलभ ठरतो. काम स्वीकारतानाच स्वामित्व कोणाचे, चित्रे कोणत्या कारणासाठी वापरावयाची व नाव द्यावयाचे की नाही, हे लिहून घेतल्यास बहुतेक वाद टळतात. हस्तांतरण लेखीच असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. स्वतःहून चित्रे खुली करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे परवाने २००२ पासून प्रचारात आले. त्यांतही नामोल्लेखाची अट बहुधा असतेच.

मर्यादा : हा हक्क निरंकुश नाही. खासगी उपयोग, संशोधन, समीक्षा व चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी केलेला उचित वापर हक्कभंग ठरत नाही. संरक्षण चित्रास असते, विषयास नसते. त्याच पक्ष्याचे वा त्याच मंदिराचे चित्र दुसरा कोणीही स्वतः घेऊ शकतो. चित्रातील व्यक्तीच्याही हिताचा विचार करावा लागतो. एका स्त्रीचे तिच्याच सांगण्यावरून काढलेले छायाचित्र शुभेच्छापत्रावर छापून विकणाऱ्या छायाचित्रकारास इंग्लंडमधील न्यायालयाने १८८८ मध्ये मनाई केली. विवाहाची चित्रे आपल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी आंतरजालावर ठेवणाऱ्यानेही ग्राहकाची संमती घेणे म्हणूनच आवश्यक असते. असंख्य छायाचित्रांच्या आधारे यंत्राकडून नवी चित्रे तयार करविण्याच्या तंत्रामुळे, मूळ छायाचित्रकारांची संमती व मोबदला यांविषयी २०२० नंतरच्या दशकात अनेक देशांत न्यायालयीन वाद सुरू झाले.

छायाचित्राचे मूल्य केवळ त्याच्या विक्रीच्या किमतीत नसते. ते कोणी, कोठे व केव्हा घेतले हे ठाऊक असेल, तरच पुढील काळात ते इतिहासाचे साधन ठरते. एकोणिसाव्या शतकातील असंख्य प्रतींखाली नाव नसल्यामुळे संग्रहालयांना त्यांची नोंद ‘छायाचित्रकार अज्ञात’ अशी करावी लागते. आंतरजालावर नावावाचून फिरणाऱ्या चित्रांची गतीही तीच होण्याचा संभव आहे. छायाचित्रकाराच्या हक्काचे रक्षण आणि समाजाच्या स्मृतीचे रक्षण ही उद्दिष्टे त्यामुळे परस्परांना पूरक ठरतात.